नळी जागेवर धरणारे आठ स्क्रू

तेलविहिरीच्या तोंडाशी पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या माणसाची नजर ख्रिसमस ट्रीवरच जाते. एकावर एक चढवलेले व्हॉल्व्ह, बाजूला फुटलेले विंग, चोक, गेज असा तो सगळा थाट असतो. त्याच्या बुडाशी, ट्युबिंग हेडच्या जाड पोलादी भिंतीतून चहूबाजूंनी बाहेर आलेली स्क्रूंची शेपटं सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. त्यांना आम्ही लॉकडाऊन स्क्रू म्हणतो, जुनी मंडळी टाय-डाऊन बोल्ट म्हणतात. माझ्या नोकरीचा मोठा भाग या स्क्रूंच्या संगतीत गेला. विहीर सुरक्षित ठेवणं म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलं.

आमचं काम मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे 160 किलोमीटर आत समुद्रात. 'सागर सम्राट' या रिगने फेब्रुवारी 1974 मध्ये इथे तेल शोधलं आणि 21 मे 1976 रोजी मुंबई हायचं उत्पादन सुरू झालं. जुहूहून हेलिकॉप्टर निघालं की थोड्याच वेळात किनारा दिसेनासा होतो आणि खाली पाण्यात पाय रोवून उभे असलेले प्लॅटफॉर्म दिसू लागतात. तिथल्या काही विहिरी माझ्याहून वयाने मोठ्या आहेत. खारी हवा, पावसाळ्यातल्या लाटांचे तुषार आणि आतून येणारं तेल, वायू, पाणी यांच्यामध्ये त्या इतकी वर्षं उभ्या आहेत. अशा विहिरीतली ट्युबिंग, म्हणजे ज्या नळीतून तेल वर येतं ती, गंजते, झिजते आणि कधीतरी बदलावी लागते. त्या कामाला वर्कओव्हर म्हणतात. वेलहेड, म्हणजे विहिरीच्या तोंडावरची जोडणी, सांभाळणाऱ्या विभागातला इंजिनिअर म्हणून मी अशा कामांवर जात असे.

ही नळी विहिरीत टांगलेली असते. तिच्या वरच्या टोकाला ट्युबिंग हँगर नावाचा जाडजूड पोलादी गोळा असतो. तिवईत घागर बसावी तसा तो ट्युबिंग हेडच्या आतल्या उतरत्या खांद्यावर बसतो आणि खालच्या सगळ्या नळीचा भार पेलतो. साडेतीन इंची नेहमीची नळी 2000 मीटर लांब असेल, तर हवेत तिचं वजन जवळजवळ 28 टन भरतं. 28 टनांचं ओझं स्वतःहून खालीच दाबून राहील, त्याला वरून कुलूप कशाला, असा प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता.

उत्तर हिशेबात आहे आणि तो हिशेब मी प्रत्येक नव्या मुलाकडून कागदावर करून घेतो. नळी आणि तिच्याबाहेरचं केसिंग यांच्यामधल्या पोकळीला अ‍ॅन्युलस म्हणतात. हँगर ही त्या पोकळीची टोपी. 11 इंची हँगर घेतला आणि त्यातून साडेतीन इंची नळीचं क्षेत्रफळ वजा केलं, तर खालून दाब घ्यायला सुमारे 550 चौरस सेंटिमीटर जागा उरते. अ‍ॅन्युलसमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 70 किलो दाब चढला, म्हणजे साधारण 1000 पीएसआय, की हँगरला वर ढकलणारं बळ 38 टनांच्या पुढे जातं. द्रवात बुडालेल्या नळीचं वजन तर 28 टनांपेक्षाही कमी झालेलं असतं. आपण जिला जड समजतो ती नळी त्या क्षणी वर उचलली जायला निघालेली असते.

त्यात भर उष्णतेची. विहीर बंद असताना नळी थंड असते. उत्पादन सुरू झालं की खालचं गरम तेल तिच्यातून वाहू लागतं. 2000 मीटर नळीचं तापमान सरासरी 40 अंशांनी वाढलं, तर ती जवळजवळ एक मीटर लांब व्हायला बघते. पण खाली पॅकरने तिला केसिंगला जखडलेलं असतं आणि वर हँगर असतो. लांब व्हायला जागा नाही, मग ती आतल्या आत वाकते आणि हँगरला वर रेटते. विहीर बंद केली की पुन्हा आखडते. वर्षानुवर्षं चालणारी ही ओढाताण सहन करायची, हँगरला तसूभरही हलू द्यायचं नाही, हे त्या स्क्रूंचं काम.

स्क्रूचं टोक निमुळतं असतं. तो आत फिरवला की ते टोक हँगरच्या वरच्या तिरक्या कडेवर चढतं आणि हँगरला खाली, खांद्यावर दाबून धरतं. काही प्रकारांत याच दाबाने हँगरभोवतीचं रबरी सीलही आवळलं जातं. रचना इतकी साधी आहे की बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही असं वाटतं. पण प्रत्येक स्क्रूसाठी ट्युबिंग हेडच्या भिंतीला आरपार भोक पाडलेलं असतं. दाब अडवणाऱ्या भिंतीला आठ स्क्रूंसाठी आठ भोकं. प्रत्येक भोकात स्क्रूभोवती पॅकिंग भरलेलं असतं आणि ते आवळून ठेवायला बाहेरून ग्लँड नट असतो. म्हणजे कुलपाची प्रत्येक जागा ही गळतीचीही जागा असते.

हे मला नीट समजावलं आमच्या फिटरने. तो मालवणकडचा, सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याच्या हाताखाली काम करताना पहिला नियम उभं राहण्याचा होता. स्क्रूच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आत दाब असताना ग्लँड नट निघाला, तर स्क्रू गोळीसारखा बाहेर येऊ शकतो. दुसरा नियम, स्क्रूला हात लावण्याआधी अ‍ॅन्युलसचं गेज वाचायचं, व्हॉल्व्ह उघडून दाब खरोखर शून्य आहे का ते पाहायचं, कारण अडकलेला काटाही शून्यच दाखवतो. तिसरा नियम, स्क्रू फिरवायला ग्लँड नट जरासा सैल करावा लागला तर तेवढाच करायचा, पुरता कधीच काढायचा नाही. आणि चौथा, ज्यावर अण्णा सगळ्यात जास्त अडून बसायचा: प्रत्येक स्क्रूचं बाहेर राहिलेलं शेपूट मोजायचं, आत घालण्याआधी आणि घातल्यानंतर, आणि दोन्ही आकडे त्या त्या स्क्रूच्या नावाने लिहायचे.

या चौथ्या नियमाची किंमत मला एका वर्कओव्हरवर कळली.

जुनी ट्युबिंग निघाली होती, नवी उतरत होती. विहिरीत ब्राइन, म्हणजे जड खारं पाणी, भरून ती शांत केलेली, वर बीओपी, म्हणजे गरज पडली तर विहिरीचं तोंड बंद करणारा व्हॉल्व्हचा संच, बसवलेला. शेवटची नळी लागली, हँगर जोडला गेला, खोलवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची पाव इंची कंट्रोल लाइन हँगरमधून नीट ओढून घेतली आणि हँगर खाली सोडला. रिगच्या मजल्यावर ड्रिलरचं लक्ष वजनाच्या काट्यावर. काटा उतरत उतरत खाली आला, नळीचा भार हँगरने घेतला. मजल्यावरून आवाज आला, बसला. रात्र सरत आली होती, हवामान बिघडण्याची सूचना होती आणि रिगचं भाडं दिवसाला किती असतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आम्ही खाली वेलहेडपाशी स्क्रू आत घ्यायला लागलो. समोरासमोरच्या जोड्या धरून, थोडा हा, थोडा तो, म्हणजे हँगर एका बाजूला ढकलला जात नाही. पाच स्क्रू ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मापापर्यंत गेले. एका बाजूचे शेजारशेजारचे तीन मात्र काही मिलिमीटर आधीच थांबले. हाताला सगळे सारखेच घट्ट लागत होते. टॉर्क रेंचही आठही ठिकाणी खटकन वाजला. फरक दिसत होता तो फक्त पट्टीवर.

"ह्यो स्क्रू पुरो भितर गेलो नाय," अण्णा म्हणाला. मग शेजारच्या दोघांवर बोट ठेवून, "हे पण."

वरून विचारणा सुरू झाली. कुणी म्हणालं, तीन-चार मिलिमीटरचं काय घेऊन बसलात. कुणी सुचवलं, रेंचला पाइप लावून अजून थोडा जोर द्या, जातील. त्या माणसांना मी दोष देत नाही. वजनाच्या काट्याने त्यांना सांगितलं होतं की हँगर बसला, आणि काटा त्याच्या परीने खरंच बोलत होता. हँगर कशावरही टेकला तरी काटा खाली येतोच. तो खांद्यावर टेकला आहे की खांद्यावर पडलेल्या कचऱ्यावर, हे काट्याला कळत नाही. एका बाजूने हँगर किंचित उचललेला असेल, तर त्या बाजूला त्याची तिरकी कड वर आलेली असते, स्क्रूचं टोक तिला लवकर भिडतं आणि बाहेर शेपूट जास्त उरतं. शेजारशेजारच्या तीन स्क्रूंनी एकच गोष्ट सांगणं याचा दुसरा अर्थ मला लागत नव्हता.

मी हँगर वर घ्यायला सांगितलं. पॅकर अजून सेट केलेला नव्हता, त्यामुळे हे शक्य होतं. तो सेट झाल्यावर हाच निर्णय फार महागात गेला असता. अ‍ॅन्युलसचा दाब पुन्हा तपासला, स्क्रू एकेक करून पूर्ण मागे घेतले, प्रत्येकाचं माप घेऊन तो खरोखर भिंतीच्या आत गेल्याची खात्री केली. एखाद्याचं टोक आत राहिलं असतं, तर वर येणाऱ्या हँगरची कड आणि सील दोन्ही ओरबाडली गेली असती.

हँगर मजल्यावर आला तेव्हा सगळं डोळ्यांसमोर होतं. खांद्यावर एका बाजूला दाबाचा ताजा वण आणि त्याच बाजूला सील चिरलेलं. ट्युबिंग हेडचा आतला भाग जेटने धुतला, चुंबक फिरवला. जुन्या रबराच्या पट्ट्या आणि लोखंडाचे पापुद्रे निघाले, एवढंच. मुठीत मावेल एवढा कचरा 28 टन नळी तिरकी करून बसला होता. नवी सीलं घातली, हँगर पुन्हा उतरवला. या वेळी आठही स्क्रू मापापर्यंत गेले. दोन सीलांमधल्या टेस्ट पोर्टमधून दाब दिला, तो ठरलेला वेळ टिकला आणि मगच पॅकर सेट केला.

पहिल्या वेळी तसंच पुढे गेलो असतो तर काय झालं असतं? चिरलेलं सील बहुधा टेस्टमध्येच पकडलं गेलं असतं. पण थंड विहिरीत टिकलेलं सील गरम नळीच्या रेट्याखाली टिकेलच असं नाही. आठ स्क्रूंमध्ये वाटायचा भार तीनांवर आला असता आणि हँगर दर बंद-चालूला थोडा थोडा हलत राहिला असता. अशा गोष्टी पहिल्या दिवशी दिसत नाहीत. काही महिन्यांनी अ‍ॅन्युलसचा दाब कारणाशिवाय चढू लागतो, तेव्हा शोधाशोध सुरू होते.

हँगरला खाली धरून ठेवण्याचा प्रश्न एका मोठ्या अपघाताच्या गोष्टीतही येतो. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो विहिरीचा स्फोट झाला आणि 'डीपवॉटर होरायझन' रिगवरची 11 माणसं गेली. पुढे 87 दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं. त्या चौकशीचे अहवाल मी वेलहेडवाल्याच्या नजरेने वाचले. तिथे उत्पादन केसिंगचा हँगर बसवून झाला होता, पण त्याला खाली धरून ठेवणारी लॉकडाऊन स्लीव्ह अजून बसवायची होती. ती सर्वांत शेवटी बसवायचं ठरलं होतं. तिच्यासाठी एक लाख पौंडांचं, म्हणजे 45 टनांचं वजन लागणार होतं. ते मिळावं म्हणून स्लीव्हखाली ड्रिल पाइप टांगायचा, आणि त्याला जागा हवी म्हणून विहिरीतला जड चिखल (ड्रिलिंग मड) नेहमीपेक्षा खूप खोलवर काढून त्याजागी समुद्राचं पाणी भरायचं, असा बेत होता. लॉक नव्हतं म्हणून स्फोट झाला असं कुणी म्हणू नये. तळाशी सिमेंटने दगा दिला होता आणि दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. पण कुलूप कधी लावायचं या एका निर्णयाने विहिरीवरचं जड द्रवाचं झाकण किती पातळ झालं, हे त्यातून लख्ख दिसतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तिथेही आकडा समोर होता. चाचणीत ड्रिल पाइपवर 1400 पीएसआय दाब दिसत होता आणि त्याला दुसरंच कारण देऊन लोक पुढे गेले.

आता नव्या वेलहेडमध्ये बऱ्याच ठिकाणी हे स्क्रू नसतातच. आतल्या आत फाकून खाचेत बसणारी लॉक रिंग हँगरला धरते. भिंतीला भोकं नाहीत, त्यामुळे गळतीच्या तेवढ्या वाटा कमी, आणि स्क्रूच्या समोर उभं राहण्याचा धोकाही नाही. ही सुधारणा मला मनापासून आवडते. पण रिंग खाचेत पूर्ण बसली का, हे तिथेही मापानेच ठरवावं लागतं: बसवणारं साधन किती खाली गेलं, वर ओढून पाहिल्यावर किती ताण टिकला. आणि जुन्या विहिरी तर अजून पुष्कळ वर्षं स्क्रूंवरच चालणार आहेत.

म्हणून नव्या मुलांकडे माझा एकच आग्रह असतो. स्क्रू घट्ट लागला हे पुरेसं समजू नका, टॉर्क आला हेही समजू नका. आठही मापं घ्या, ड्रॉइंगशी ताडून बघा, एकही जुळलं नाही तर कितीही घाई असो, थांबा आणि वर घ्या. आणि जुळली तरी ती विहिरीच्या फाइलमध्ये लिहा. त्याच विहिरीवर पुढचा वर्कओव्हर कदाचित दहा-पंधरा वर्षांनी होईल आणि तिथे जाणारा माणूस आपल्याला ओळखतही नसेल. स्क्रू मागे घेताना तो बाजूला उभा राहून पट्टी लावेल आणि आपला आकडा शोधेल. आपल्याकडून त्याला मिळण्यासारखं तेवढंच आहे. ते खरं असणं हा आपल्या कामाचाच भाग आहे.