काच वर करताना

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाने सुचविले होते. या वसतिशाळेत इतके दिवस इतिहास शिकविल्यावर आठवणींचा तुटवडा नाही. परंतु आपले अनेक माजी विद्यार्थी आज परदेशी स्थिरावले आहेत. ते सुट्टीत भेटायला येतात, पगाराविषयी आणि घरांविषयी मोकळेपणाने बोलतात, भीतीविषयी मात्र कोणी बोलत नाही. म्हणून मी भीतीविषयी लिहितो. ती माझ्या धाकट्या भावाची आणि भावजयीची आहे. थोडी माझीही आहे.

आमचे वडील मिठागरावर मजूर होते. त्यांचा धाकटा मुलगा अभियंता होऊन त्रिनिदादला जाईल, हे कळंबमध्ये कोणाच्या स्वप्नातही आले नसते. कॅरिबियन समुद्रातील हे बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अगदी जवळ. तेथील पॉइंट लिसास या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. पहिली दोन वर्षे पत्रांऐवजी छायाचित्रे येत: निळे पाणी, नारळाची झाडे. आई म्हणे, “हे तर आपलेच कळंब, फक्त सुरूची बने नाहीत.”

ऑगस्ट २०११ मध्ये तेथील सरकारने आणीबाणी पुकारली. टोळ्यांतील गोळीबार आणि खुनांचे सत्र आवरण्यासाठी अनेक भागांत रात्रीची संचारबंदी लागू झाली. त्याआधी काही महिने भावजयीच्या गळ्यातील साखळी बाजाराबाहेर पिस्तूल दाखवून ओढून नेली होती. ते तिने आम्हाला कळविलेच नव्हते. आणीबाणीत फोनवर ती एकदाच रडली आणि लगेच म्हणाली, “आईंना सांगू नका हं, दादा.”

मे २०१२ च्या सुट्टीत मी गेलो. लंडनला विमान बदलून, आयुष्यातला पहिला परदेश प्रवास. भावाच्या घराच्या प्रत्येक खिडकीला आणि ओसरीलाही लोखंडी गज होते. तेथे श्रीमंतांची नव्हे, सामान्यांची घरेही अशीच. संध्याकाळी दार, मग जाळी, मग फाटक, अशी कुलपे लागत आणि भावजय प्रत्येक कुलूप ओढून पाही. मी गमतीने म्हणालो, “तुरुंगाला इतकी कुलपे नसतात.” ती हसली नाही. ज्याच्या छातीवर पिस्तूल रोखले गेलेले नाही त्याने अशी गंमत करू नये, हे मला उशिरा उमगले.

घरात एक गोष्ट मला खटकली. बाबासाहेबांचे आणि तथागतांचे चित्र दिवाणखान्यात नव्हते, आतल्या झोपायच्या खोलीत होते. कारण विचारले तेव्हा भाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, बाहेर बंदुकीची भीती आणि आत आपल्याच माणसांची.” भारतातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे महिन्यातून एकदा एकत्र जेवत. पहिल्याच जेवणात कोणीतरी आडनाव विचारले, नंतर गाव, नंतर गावातली आळी. पुढल्या वेळी भावजयीने केलेल्या भाजीचे भांडे जवळजवळ भरलेलेच परत आले. कोणी काही बोलले नाही. बोलावे लागतच नाही.

इतिहासाच्या शिक्षकाला येथे बडोदा आठवणे अपरिहार्य आहे. न्यूयॉर्क आणि लंडन येथील वास्तव्यात बाबासाहेबांना आपल्या अस्पृश्यतेचा जवळजवळ विसर पडला होता. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा ठाकला. ओळखीच्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांनीही आसरा दिला नाही. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तो वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ही हकीकत आहे. मी ती दरवर्षी नववीच्या मुलांना सांगत असे. त्रिनिदादमध्ये ती मला पहिल्यांदा शरीरात जाणवली, कारण हा भाऊ माझा होता.

आता माझ्या वाट्याची गोष्ट. ती आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही.

एका संध्याकाळी चग्वानासहून परतताना जोराचा पाऊस लागला. पाणी साचल्याने गाडी रखडली होती. रस्त्याच्या कडेने एक उंच कृष्णवर्णीय माणूस हात हलवीत आमच्याकडे आला आणि माझ्या बाजूच्या काचेवर त्याने बोटांनी टकटक केली. तो काहीतरी सांगत होता. पावसात ऐकू येत नव्हते. काच दोन बोटे उघडी होती. मी ती वर केली आणि भावाला म्हणालो, “चल, थांबू नकोस.” गाडी हळूहळू पुढे सरकली. मागे वळून पाहिले तेव्हा तो हात खाली सोडून तेथेच भिजत उभा होता. त्याला काय हवे होते, मदत की पैसे, की पुढचा रस्ता बंद असल्याचे तो सांगत होता, हे मला कधीच कळणार नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना पावसाळ्यात मला कडक ताप भरला होता. वडिलांनी मला खांद्यावर टाकले आणि गावातील एका मोठ्या घराच्या दारात उभे राहून हाका मारल्या. त्या घरी तापाच्या गोळ्या असत. खिडकीत दिवा होता. हाका ऐकून तो कोणीतरी मालवला. वडिलांनी त्या घराला आयुष्यात कधी दूषण दिले नाही. “घाबरली असतील,” एवढेच म्हणत. काळोखात काळा, भिजलेला माणूस दारात, म्हणून घाबरली असतील.

१९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नावच त्यांच्या चळवळीवरून घेतले. हे मी वर्गात अभिमानाने शिकवितो. काच वर करताना यातले काहीही आठवले नाही. आठवले ते त्या जेवणाच्या पंगतीत ऐकलेले: अमुक वस्तीत जाऊ नका, ‘ते लोक’ तसेच असतात. ज्यांनी भावजयीचे भांडे परत केले त्यांच्याच डोळ्यांनी मी त्या माणसाकडे पाहिले.

भीती खोटी होती, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या बेटावर माणसे मरत होती आणि मरणारे बहुतेक त्याच गरीब वस्त्यांतले होते. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय करारमजूर तेथे उतरले. १९१७ पर्यंत त्यांची संख्या सव्वा लाखाच्या पुढे गेली. त्या दिवसाची तेथे सार्वजनिक सुट्टी असते. समारंभात एका वृद्धाशी बोललो. पणजोबांची जात त्याला ठाऊक नव्हती. जहाजावर एकत्र आलेले ते ‘जहाजी भाई’, एवढेच तो सांगे. पुरोहितांचा मान तेथेही टिकलाच आहे, पण त्या म्हाताऱ्याने माझे आडनाव विचारले नाही.

आपल्या सोपाऱ्याचा व्यापारी पुण्ण भिक्खू होऊन स्वतःच्याच सुनापरान्तात परत निघाला तेव्हा तथागतांनी त्याला तेथील उग्र लोकांविषयी विचारले होते. शिव्या दिल्या तर? दगड मारले तर? जीव घेतला तर? पुण्णाची उत्तरे मुले पाठ म्हणतात. मला हल्ली त्या उत्तरांपेक्षा एक साधी गोष्ट अधिक विचारात पाडते: तो परक्या मुलखात चालला नव्हता, घरी चालला होता.

कारखाना २०१६ मध्ये बंद पडला आणि भाऊ परतला. कळंबला त्याने घर बांधले आहे. बाबासाहेबांचे चित्र दिवाणखान्यात, दारातून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असे लावले आहे. खिडक्यांना मात्र त्याने तिकडच्यासारखेच जाड गज बसविले. शेजारीण आईला खिडकीतून कालवणाची वाटी देई, ती आता गजांतून आत येत नाही. आई रोज कुरकुरते आणि काठी टेकीत दारापर्यंत जाते.