एका अंशाचं प्रकरण

आमच्या नालवाडीत मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो. अंशभर इकडेतिकडे झालं म्हणून कुणी कुलरसमोरून उठत नाही. त्यामुळे समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल सरासरीपेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ पांढरं पडतं, हे वाचल्यावर मनात आलं : काहून बा, एवढ्यानंच?

प्रवाळ मी पहिल्यांदा पाहिलं ते मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. स्नॉर्केलची नळी दातांत, तोंडात खारट पाणी आणि खाली मळकट तपकिरी गोटे. "दगड न्हय तो, जिवंत आसा," होडीवरचा मुलगा म्हणाला. प्राणी आहे, इथवर ठीक. पण तो तपकिरी रंगसुद्धा त्याचा नव्हे. त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा. ती उन्हात अन्न तयार करतात आणि प्रवाळाची बहुतेक गुजराण त्यावरच चालते. पाणी तापलं की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची घातक रूपं साचतात, आणि प्रवाळ त्यांना बाहेर काढून टाकतं. मग पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसतो. पाणी वेळेत निवलं तर शैवालं पुन्हा वाढतात. नाही तर उपासमार. मालवणला असं विरंजन झाल्याचं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवलं आहे.

जरा कुठे समजतंय म्हणेपर्यंत कळलं, की ही शैवालं एका प्रकारची नाहीतच. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्यांची वेगवेगळ्या प्रजातींत विभागणी केली. जुन्या-नव्या लेखांतली नावं जुळवताना माझी भंबेरी उडाली. त्यांतलं ड्युरुस्डिनियम उष्णता सोसणारं. ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका प्रवाळात या गटाचं प्राबल्य झालं, की त्याची सहनशक्ती १ ते १.५ अंशांनी वाढते, असं २००६ साली दिसून आलं. मग सगळीच प्रवाळं ते का धरत नाहीत? तिथल्याच मॅग्नेटिक बेटाजवळ कोवळी प्रवाळं दुसऱ्या गटाच्या शैवालाबरोबर दोन-तीन पट वेगाने वाढली होती. हे मात्र मला लगेच पटलं. कपाशीचं वाण घेताना आमच्याकडेही हाच घोळ असतो : तगणारं घ्यावं की उतारा देणारं?

एवढी उलाढाल होऊन पदरात पडतो एखादा-दीड अंश. समुद्र तापतच राहिला तर तो पुरणार नाही, असं माझं मत झालं आहे. मालवणला जाल तेव्हा जरूर पाण्यात उतरा, पण त्या गोट्यांवर पाय टेकू नका. त्यांतले पुष्कळसे वर्षाला सेंटिमीटरभरही वाढत नाहीत.