बर्नर कोण पेटवायचं?

मुलींच्या वेगळ्या शाळा बंद करून टाकाव्यात, असं मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आले. लेकीला हट्टानं मुलामुलींच्या एकत्र शाळेत घातलं. हुजूरपागेत शिकलेल्या मावशीला तर तोंडावर म्हणाले होते, "तुमची शाळा म्हणजे नुसता पडदा, वर घंटा तेवढी लावलेली."

मावशी हसली. "अगं, पेशव्यांच्या घोड्यांची पागा ती. आम्हीही उधळलोच की!"

माझं मत हललं ते टिळकांमुळे, ही गंमतच. १८८४ साली रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक या मंडळींनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं, तीच ही हुजूरपागा. त्याच्या मागणीसाठी रमाबाई रानड्यांनी गव्हर्नरसमोर इंग्रजीत निवेदन वाचलं आणि घरी बायकांची बोलणी खाल्ली. टिळकांचा विरोध होता हेही ऐकून होते. का होता, ते कधी धड वाचलं नव्हतं. पाहते तर त्यांच्या 'मराठा' पत्रातला आक्षेप अभ्यासक्रमावर. मुलग्यांसारखं इंग्रजी, गणित मुलींना कशाला? शाळा ११ ते ५ कशाला? ३ तास पुरेत, बाकीचा वेळ घरकामाला राहू दे.

म्हणजे खुपत होता तो आतला अभ्यास. आणि मी इतकी वर्षं भांडत बसले इमारतीशी.

मग माझी स्वतःची एकत्र शाळा आठवली. नववीची प्रयोगशाळा, चौघांत एक बर्नर. काडी ओढायचे मुलगे. आम्ही प्रयोगवहीत निरीक्षणं उतरवायचो, कारण आमचं अक्षर चांगलं. सक्ती कुणाचीच नव्हती. सरांनी कधी विचारलं नाही, आम्हीही नाही. रसायनात मार्क झकास पडले. घरची शेगडी सोडली तर आजवर मी काही पेटवलेलं नाही.

मावशीला विचारलं, "तुमच्याकडे बर्नर कोण पेटवायचं गं?"

तिला प्रश्नच कळेना. "म्हणजे? आम्हीच. दुसरं होतं कोण तिथे?"

आता लेकीची शाळा बदलायची वेळ केव्हाच टळली. शिवाय हुजूरपागेत सुरुवातीला ज्या घरांतून मुली आल्या ती घरं बहुतेक पांढरपेशी, हे काही मी विसरलेले नाही. पण 'बंद करा' हे माझं म्हणणं मागे घेतलंय. मावशीला फोनवर तसं सांगितलं, तर म्हणाली, "पडदा म्हणालीस, तेही घे मागे."

घेतलं.