आमचा बार

बार हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नसे. खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक परमिट रूम होती, तिचाही उल्लेख आम्ही 'ती खालची जागा' असा करायचो. अशा घरातली आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी 2024 साली दोन महिने बार्सेलोनाला मुलाकडे राहिलो आणि रोज कुठल्या ना कुठल्या बारमध्ये जाऊन बसलो. मोहल्ल्यात हे कसं सांगावं ते अजून सुचलेलं नाही. म्हणून इथे लिहितो आहोत. मोहल्ल्यात वार्षिकं फारसं कुणी वाचत नाही.

पहिल्याच सकाळी मुलगा म्हणाला, ''अब्बा, चला, खाली बारमध्ये नाश्ता करू.'' बेगमच्या हातातली तसबीह थांबली. मुलगा हसला. म्हणाला, ''अम्मी, आपल्याकडे हॉटेल म्हणतात तिथे कुणी झोपायला जातं का? चहा-भजी खायलाच जातात ना? तसंच इथल्या बारचं आहे.''

दाखला बिनतोड होता. तरी बेगम दोन दिवस दाराबाहेरच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला म्हणून आत आली.

मुलाच्या इमारतीखालचा तो बार एक चिनी जोडपं चालवायचं. त्या शहरातले असे कितीतरी कोपऱ्यावरचे बार आता चिनी लोकांच्या हाती आहेत. पत्र्याचं लांब काउंटर, वर टांगलेल्या डुकराच्या तंगड्या, कोपऱ्यात फुटबॉलचा टीव्ही. तंगड्यांकडे पाठ करून बसायची एक खुर्ची बेगमने हेरून ठेवली होती. पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचं तेल, ही तिथली न्याहारी. मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया, पोस्टमन, काठी टेकत येणारे पेन्शनर, सगळे तिथेच. सकाळी लवकर कचरागाडीवरची माणसं यायची. छोट्या काचेच्या ग्लासात काळं काहीतरी उभ्या उभ्या प्यायची आणि निघून जायची. ''काराहियो,'' मुलाने सांगितलं. ''कॉफीत ब्रँडी घालतात. थंडीचं.'' आम्ही मान हलवली. तेवढ्यापुरतं.

रविवारी दुपारी जेवणाआधी वेर्मुत प्यायची तिथे रीत आहे. मुलगा आमच्यासाठी मोस्तो मागवायचा, म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस. येतो मात्र त्याच ग्लासात, तसाच बर्फ आणि तसंच ऑलिव्ह घालून. रंगही जवळपास तोच. सुनेने मोबाइल पुढे धरला, तशी बेगम ताडकन म्हणाली, ''फोटो काढू नको!''

सुनेला वाटलं, पदर नीट नाही म्हणून. कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला पंचेचाळीस वर्षं मागं जावं लागेल.

आमचे चाचा बोटीवर आगवाले होते, पुढे टिंडेल झाले. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत एक तरी माणूस दर्यावर असायचाच. 1979 साली त्यांची मालबोट बार्सेलोनाला लागली होती. तिथून त्यांनी एक काळा-पांढरा फोटो पाठवला. मागे दारूची पिंपं, पुढे संगमरवरी टेबल, टेबलावर छोटा ग्लास, ग्लासात काहीतरी काळं आणि चाचा खुशीत. पाठीमागे स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं : 'बार्सिलोना. आमचा बार.'

पोस्टाचं पाकीट घरी उघडलं जातं, पण घरात राहत नाही. चाचांच्या मुलीची मंगनी झालेली होती. महिन्याभरात मुलाकडचे निरोप धाडून मोकळे झाले : बारवाल्याची मुलगी आम्हाला नको. चाचांनी परत आल्यावर एकदाच सांगितलं, ''तो चहाच्या हॉटेलासारखा असतो.'' कोण ऐकणार? त्यांच्या पैशातून मशिदीच्या वजूच्या हौदावर पत्रे पडले होते. पत्रे ठेवून घेतले गेले.

1981 साली त्या मुलीशी आमचा निकाह झाला. घरातल्या थोरांनी ठरवलं, आम्ही हो म्हटलं. मनात मात्र कुठेतरी होतं, की आम्ही चाचांवर उपकार करतो आहोत. चाचा पितात, हे आम्हीही धरूनच चाललो होतो. हे बेगमला आम्ही कधी बोललो नाही. तिने कधी विचारलं नाही. चाचा 1996 मध्ये गेले.

तेव्हा बार्सेलोनात आमचं बार बघणं हे निव्वळ पर्यटन नव्हतं, एवढं वाचकांनी ध्यानात घ्यावं.

पर्यटनही झालंच म्हणा. 'एल्स क्वात्रे गात्स' पाहिला. 1897 मध्ये उघडला, 1903 मध्ये बंद पडला, आता पुन्हा चालतो. तरुण पिकासोचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन 1900 मध्ये इथे भरलं होतं. नावाचा अर्थ चार मांजरं. तिकडे चार मांजरं म्हणजे आपली 'मोजून चार टाळकी'. आता तिथे चारशे टाळकी असतात आणि कॉफी त्या हिशेबाने महाग. आम्हाला करमलं नाही.

मन रमलं ते 'किमेत ई किमेत'मध्ये. 1914 सालचा हा बार आपल्या वाण्याच्या दुकानाएवढा. बसायला जागा नाही, भिंती जमिनीपासून छतापर्यंत बाटल्यांनी भरलेल्या. बाटल्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं तर छताकडेही बघता येत नाही! पण खासियत डबाबंद मासळीची. आपल्याकडे डब्यातली मासळी म्हणजे नाइलाज, तिथे ती चैन. तिसऱ्या, शिनाणे, माकुल, शिवाय पावाच्या तुकड्यावर सामन मासा, त्यावर दही आणि मध. मासा आणि दही! आमच्या दादीने ऐकलं असतं तर कोड फुटेल म्हणून दटावलं असतं. बेगमने तीन खाल्ले.

त्या दिवशी मुलाचा एक पाकिस्तानी मित्र बरोबर होता. त्याने तिसऱ्यांना हात लावला नाही. तो हनफी, मासळीखेरीज दर्यातलं काही खात नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आम्हाला दर्यातलं सगळं चालतं. चारी बाजूंना दारू आणि आम्ही दोघे शिंपल्यांच्या हलाल-हरामवर बोलतो आहोत, याचं हसू आमच्याआधी त्यालाच आलं.

तोच आम्हाला रावालमध्ये घेऊन गेला. रावाल हे नावच अरबी 'रबद'वरून आलेलं, म्हणजे तटाबाहेरची वस्ती. आठव्या शतकात सुमारे ऐंशी वर्षं हे शहर मुसलमानांच्या ताब्यात होतं, 801 साली फ्रँकांनी ते घेतलं. आज रावालमध्ये उर्दू पाट्या आहेत, हलाल खाटीक आहेत, तळघरातल्या मशिदी आहेत. आणि त्याच गल्लीत 1820 सालापासूनचा 'मार्सेया' आहे, अबसिंथ या जालीम दारूसाठी नावाजलेला. धूळ बसलेल्या बाटल्या तिथे मुद्दाम पुसत नाहीत. घरमालकाच्या तगाद्याने तो बंद पडणार होता, तर 2013 मध्ये नगरपालिकेने इमारतच विकत घेतली. आम्ही दारातूनच पाहिला. तिथे कॉफीचं निमित्तही चाललं नसतं.

बाहेर पदपथावर एक पोरगा हळू आवाजात ''सेर्वेसा, बियर, बियर'' करत उभा होता. हातात डब्यांची प्लास्टिकची जाळी. रस्त्यावर अशी विक्री करायला मनाई आहे, पोलीस दिसले की माल टाकून पळावं लागतं. आमच्या मित्राने सलाम केला. पोरगा पंजाबातल्या गुजरात जिल्ह्याचा. कागदपत्रं नाहीत, म्हणून नोकरी नाही. ''चाचा, घरी सांगितलंय की दुकानात कामाला आहे,'' तो म्हणाला. ''बहिणीचं लग्न ठरतंय.'' मग बेगमकडे बघून घाईघाईने म्हणाला, ''मैं खुद नहीं पीता, चाची.''

बेगमने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना वाटभर ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून तो फोटो काढला. तो तिने बरोबर आणला होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मुलाला म्हणाली, ''बंदराजवळचा असा बार दाखव.''

बार्सेलोनेटा ही तिथली कोळ्यांची आणि गोदी कामगारांची जुनी वस्ती. तिथे 'ला कोवा फुमादा' आहे, म्हणजे धुराने काळवंडलेली गुहा. 1944 पासूनचा, पण दारावर पाटी नाही. ज्याला ठाऊक तो येतो. 'बोंबा' नावाचा बटाट्याचा तळलेला गोळा म्हणे इथेच जन्मला. दिसतो अगदी आपल्या रमजानमधल्या खिमा पॅटीससारखा, पण आतल्या मांसाची खात्री नाही म्हणून आम्ही नुसता वास घेतला. खाल्ली ती तारली, तव्यावर भाजलेली, वर लसूण आणि तेल. गरिबाची मासळी तिथेही तीच.

भिंतीला पिंपं होती. टेबलं संगमरवरी होती. हाच तो बार, असं आम्ही म्हणत नाही. बंदराच्या आसपास तेव्हा असे कितीतरी असतील. बेगमने फोटो टेबलावर ठेवला आणि एकदा फोटोकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिली.

शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या पुढचा एक म्हातारा होता. त्याने बोटाने विचारलं, बघू का? चष्मा कपाळावर चढवून त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. पिंपांवर काही बोलला, चाचांच्या टोपीवर काही बोलला. मग ग्लासवर नख ठेवून हसला आणि म्हणाला, ''काराहियो.''

मुलाने आमच्याकडे पाहिलं. मग आईकडे वळून म्हणाला, ''कॉफी म्हणतायत, अम्मी.''

खोटं नव्हतं. आम्ही ताटलीकडे बघत राहिलो. कचरागाडीवरची माणसं रोज आमच्या समोर ते प्यायची आणि बेगम आमच्याच शेजारी, तंगड्यांकडे पाठ करून बसलेली असायची. तिचे कान अजून शाबूत आहेत.

तिने म्हाताऱ्याला मान लववून शुक्रिया केला. फोटो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मग आमची ताटली स्वतःपुढे ओढून तारलीचा मधला काटा अलगद सोडवला आणि ताटली परत आमच्यापुढे सरकवली.

''खा,'' म्हणाली, ''निवतंय.''