पंचावन्न किलोमीटरवरचं नरगुंद

हुबळीत वाढलेल्या आपल्या मुलांना दोन इतिहास येतात. घरी आजी-आजोबांकडून शिवनेरी, पन्हाळा, रायगड. शाळेत आणि गावात कित्तूरची राणी चन्नम्मा, संगोळ्ळी रायण्णा. दोन्ही मनापासून येतात, पण दोन वेगळ्या वह्यांत. या दोन्ही वह्या एकत्र उघडता येतील असं एक गाव आमच्या गोकुळ रोडपासून साधारण पंचावन्न किलोमीटरवर आहे, ते म्हणजे नरगुंद. यंदा थंडीत तीन घरं मिळून तिथे जायचं ठरवतोय. आमचा बेत इथे मांडतो, कुणाला उपयोग झाला तर आनंदच.

विषय निघाला तो विंडसरवरून. इंग्लंडमधल्या चुलतभावाने तिथल्या किल्ल्याचे फोटो पाठवले, आणि ‘आपण असं किल्ल्याचं गाव कधी बघायचं?’ हा प्रश्न घरात फिरू लागला. विमानतळ गोकुळ रोडवरच असला तरी विंडसरला जायचं म्हणजे रजा, व्हिसा आणि बँकेतली शिल्लक, तिन्हींचा मेळ बसायला हवा. नरगुंदला एक रविवार आणि गाडीत पेट्रोल पुरतं. डोंगरावर किल्ला आणि पायथ्याशी गाव, हे तर तिथेही आहेच.

नरगुंद हे भावे या मराठी घराण्याचं संस्थान. 1785 साली टिपूने ते घेतलं आणि त्यावरूनच मराठे आणि टिपू यांच्यात युद्ध पेटलं. पण गावाचं नाव झालं ते 1858 मध्ये. संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांना मुलगा नव्हता. दत्तक घ्यायला इंग्रजांनी परवानगी नाकारली. त्यातच हत्यारं जमा करण्याचा हुकूम आला. 29 मे 1858 च्या रात्री सुरेबान गावी बाबासाहेबांच्या माणसांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याच्यावर हल्ला करून त्याला ठार मारलं. चारच दिवसांत इंग्रज फौजेने नरगुंद घेतलं. बाबासाहेब पकडले गेले आणि 12 जूनला बेळगावात त्यांना फाशी दिली. त्यांची आई आणि पत्नी यांनी मलप्रभेत देह टाकला.

मुलांना हे सांगताना रात्रीच्या हल्ल्याचा भाग गाळू नये, असं मला वाटतं. वीराची गोष्ट गुळगुळीत करून सांगितली की मुलं ऐकतात आणि विसरतात. ‘त्यांनी असं का केलं?’ हा प्रश्न पडला की गोष्ट लक्षात राहते.

या प्रश्नाच्या उत्तरातच दोन वह्या जुळतात. कित्तूरचा राजा 1824 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या दत्तक मुलालाही इंग्रजांनी मान्यता दिली नाही. 23 ऑक्टोबर 1824 च्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरमध्ये कित्तूर पडलं आणि चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत 1829 साली वारली. पुढे 1854 मध्ये झाशी याच कारणाने खालसा झाली. कन्नड राणी, झाशीची मराठी राणी आणि नरगुंदचा मराठी संस्थानिक, तिघांचं भांडण एकच होतं: आमचा वारस तुम्ही कोण ठरवणार? आज कन्नड माणूसही ‘नरगुंद बाबासाहेब’ हे नाव अभिमानाने घेतो. भावे कुठल्या भाषेचे, असं तिथे कुणी विचारत नाही.

आता बेत. सकाळी साडेसहाला निघायचं. केशवापूर, कुसुगल करत विजापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, थंडीत ज्वारी आणि हरभरा. वाटेत नवलगुंद लागतं. इथले जमखाने भौगोलिक मानांकन मिळालेले आहेत आणि ते बायका हातमागावर विणतात. माग बघायला मिळाला तर थांबायचं, पण परतीच्या वेळी, कारण डोंगर ऊन चढायच्या आत चढायला हवा. प्रत्येकाकडे टोपी, पाणी आणि पकड असलेले बूट. वर विंडसरसारखे सजवलेले महाल नाहीत, पडके अवशेष आहेत, हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं. ज्येष्ठांनी खाली व्यंकटेशाच्या देवळात निवांत बसावं. दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी. ‘खानावळ’ हा शब्द तिथे कन्नडमध्येही चालतो, त्यामुळे पाटी वाचायला मुलांना मजा येईल. येताना वेळ उरला तर नवलगुंदजवळ यमनूरला चांगदेवाचं स्थान आहे. तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात.

मुलांसाठी एक काम ठेवलंय. नरगुंदचं नाव 1980 मध्ये पुन्हा गाजलं, ते मलप्रभेच्या पाण्यावरच्या करासाठी उठलेल्या शेतकऱ्यांमुळे. कन्नड लोक 1858 च्या उठावालाही आणि 1980 च्या आंदोलनालाही ‘बंडाय’ म्हणतात. आपला शब्द ‘बंड’. गावातल्या वडीलधाऱ्या माणसांना मुलांनी हे दोन्ही बंडाय कन्नडमध्ये विचारायचे आणि घरी येऊन आजीला मराठीत सांगायचे.

कित्तूरचा पडका वाडा आणि संग्रहालय पुढच्या महिन्यासाठी ठेवलंय. तेही इथून पन्नासेक किलोमीटरच, फक्त धारवाडच्या बाजूला.