उशाशी
मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अक्षरे मोठी करून वाचण्याची गरज भासू लागली. फोन हाताशी होताच; त्यावर ‘स्मृतिचित्रे’ उघडले. परंतु पडद्यामागचा उजेड डोळ्यांना खुपे आणि मध्येच आलेला एखादा निरोप लक्ष्मीबाईंचे बोलणे तोडी. म्हणून किंडल घेतले. त्याच्या पडद्यातले काळेपांढरे सूक्ष्म कण विजेच्या भाराने हलतात आणि जागच्या जागी ठरतात. समोरचे पान धरून ठेवायला वीज लागत नाही. खोलीतल्या दिव्याच्या उजेडात ते कागदासारखेच दिसते. वाचनापुरती निवड झाली. फोन मात्र अजूनही उशाशी असतो. गावी एकट्या राहणाऱ्या आईला रात्री केव्हा माझी गरज भासेल, याचा नेम नाही. डोळे पुस्तकात असतात; एक कान तिकडे.