आटवलेलं पाणी

ऑक्सिमीटरवरचा आकडा ८५च्या आसपास अडकून बसला की मी आता फुप्फुसांइतकंच रक्ताच्या रंगाकडे बघते. ही सवय लावली वरुडकडच्या संत्रापट्ट्यातल्या एका चार महिन्यांच्या बाळाने.

त्याला अमरावतीला आमच्या रुग्णालयात आणलं तेव्हा ओठ जांभळे, नखं निळी आणि अंगावर राखेची छटा होती. इतकं निळं पडलेलं मूल एरवी धापा टाकतं. हा मात्र आजीच्या मांडीवरून पंख्याकडे टकामका बघत होता. हृदयात मरमर नाही, एक्स-रे स्वच्छ. ऑक्सिजन लावला तरी आकडा ढिम्म. मग सिस्टरने रक्त काढलं आणि सिरिंज माझ्यासमोर धरली. आत चॉकलेटी रंगाचं रक्त. त्यातला एक थेंब पांढऱ्या गॉजवर सोडला. नुसता ऑक्सिजन कमी असलेलं रक्त हवा लागली की लाल होतं. हा थेंब तपकिरीच राहिला.

हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदललं की ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मग त्याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. हा दोष क्वचित जन्मजात असतो, बहुतेकदा बाहेरून येतो. उतारा म्हणजे मिथिलीन ब्लू, नावाप्रमाणेच गडद निळं इंजेक्शन. निळ्या बाळाला निळं औषध द्यायचं, याचं त्या धावपळीतही सिस्टरला हसू आलं. आमच्याकडे ते नव्हतं; शहरातल्याच दुसऱ्या रुग्णालयातून मागवलं.

ते येईपर्यंत मी घरच्यांना विचारत बसले. जी-सिक्स-पीडी हे विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांना हे औषध लागू पडत नाही, उलट त्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात. तपासणीच्या अहवालाची वाट बघायला वेळ नव्हता. म्हणून जन्मानंतर कावीळ किती चढली होती, कुणा मामाला एखाद्या औषधानंतर काळसर लघवी झाली होती का, असं विचारलं. दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामा. तसं काही नव्हतं.

मग खाण्यापिण्याकडे वळले. बाळंतपणानंतर आईला टायफॉइड झाला, दूध आटलं, डब्याची पावडर सुरू झाली. पाणी घरच्या विहिरीचं. आजी ताठ होऊन म्हणाली, "पाणी तं मी सोताच उकयतो, बाई. निम्मं होईस्तोवर आटवतो. कच्चा थेंब नाई देल्ला पोराले." शिवाय रक्त वाढावं म्हणून पालक-गाजराचं पाणी. सकाळी शिजवायचं, मिक्सरमधून काढायचं, संध्याकाळपर्यंत ओट्यावर.

इथे सगळं जुळलं. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी निम्मं झालं की त्याचं प्रमाण दुप्पट. पालकातही नायट्रेट भरपूर. शिजवून तसंच ठेवलं की जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि रक्त बिघडवतं ते नायट्राइट. आजी थोडी आळशी असती तर पोर कदाचित इतकं निळं पडलं नसतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या शेजारी बसलेली सून आधीच खाली मान घालून होती, आणि अशा वेळी घरातल्या बायकांवरच सगळं येतं.

पाच किलोचं बाळ, किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याच्या द्रावणाचा अर्धा मिलिलिटर, पाच मिनिटं घेत हळूहळू. देताच ऑक्सिमीटरचा आकडा आणखी खाली घसरला. त्या औषधाच्या रंगाने यंत्र फसतं हे ठाऊक असूनही तळहाताला घाम फुटला. तासाभरात ओठ गुलाबी झाले. पुढे लंगोट हिरवट-निळे व्हायला लागले, त्याचं घरच्यांना बाळाच्या आजारापेक्षा जास्त नवल वाटलं.

आजीने मात्र नेमका प्रश्न विचारला. "आमी जलमभर हेच पाणी पेलो, आमाले काहून नाई झालं?" मोठ्यांच्या रक्तात बिघडलेलं हिमोग्लोबिन परत सुधारणारं एक विकर असतं, तान्ह्यात ते साधारण निम्मंच असतं. त्यांच्या जठरात आम्लही कमी, त्यामुळे नायट्राइट करणाऱ्या जंतूंचं फावतं. आयोवातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरने १९४५ सालीच निळ्या बाळांचा संबंध शेतावरच्या विहिरींशी जोडला होता. तिकडे मका, इकडे संत्री, एवढाच फरक.

पाण्याचा अहवाल आला. आपल्याकडे लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. इथे तिपटीहून जास्त. विहिरीच्या एका अंगाला गोठा आणि उकिरडा, दुसरीकडे बागेत युरिया. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ ही नावं आहेत, तेव्हा ही एकाच घराची गोष्ट नव्हे. विहिरीत टीसीएल पावडर टाकून उपयोग नाही, ती जंतूंपुरती. साध्या फिल्टरचंही तेच. आरओने नायट्रेट बरंच कमी होतं.

फेरतपासणीला आजोबाही आले. बाळ खेळत होतं, त्यांचं लक्ष अहवालाच्या कागदावर. "युरिया कमी केला तं पानी कधी सुदरन?" त्यांनी विचारलं. जमिनीत उतरलेलं नायट्रेट खत थांबवल्यावरही वर्षानुवर्षं झिरपत राहतं, तरी आतापासून कमी करा, उकिरडा हलवा, असं मी म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"म्हंजे जार तं आनाच लागन."